फक्कीच्या आत

सकाळपासून ऋजुता एकाच गोष्टीची वाट पाहत होती, ती म्हणजे आपला संघ हरण्याची. आणि संघ काही केल्या हरत नव्हता.

कळंबच्या एका रिसॉर्टच्या मागच्या मैदानावर तबकडी फेकत-झेलत खेळायच्या अल्टिमेट फ्रिस्बीची उन्हाळी स्पर्धा चालू होती. पुण्याचे, ठाण्याचे, मुंबईचे क्लब आले होते. भारी बूट, बर्फाच्या पेट्या, स्वतःचे तंबू. त्यांच्यात कर्जतचा 'उल्हास' हा एकच क्लब इथला, नाव नदीवरून घेतलेला आणि दरवर्षी पहिल्या दिवशी दुपारीच सामान आवरून घरी जाणारा. या वर्षी या पोरांच्या अंगात काय संचारलंय, असं बाकीचे क्लब आपसांत विचारत होते. ऋजुताला ते ठाऊक होतं. ते सगळ्यांच्या डाव्या बाहीवर छापलेलंच होतं: 'उमाकाकूंसाठी'.

उमाकाकू म्हणजे ऋजुताची आई. फाल्गुनात गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. आईनं आयुष्यात एकही सामना धड पाहिला नव्हता. घोड्याएवढी माणसं एका ताटलीमागे धावतात याचं तिला हसू यायचं. सरावाहून सगळी घरी टपकली की ती पोह्यांच्या ताटल्या हातात देत म्हणायची, ही बघा, ही अशी वापरतात. तेवढाच तिचा आणि या खेळाचा संबंध. संघानं तिचं नाव बाहीवर घातलं ते प्रेमापोटीच. पण दिवसभर त्या बाहीला जो तो कपाळ पुसत होता, नाक पुसत होता, आणि नजर खाली वळवली तर ऋजुताच्या स्वतःच्या दंडावरही तेच नाव घामानं चिकटून बसलेलं होतं.

आई गेल्यापासून ऋजुताला कोणी एकटं सोडलं नव्हतं. आधी मावश्या होत्या, मग चुलत बहिणी. त्या आपापल्या घरी गेल्यावर शेजारच्या जिजाकाकू दुपारच्या येऊन बसू लागल्या. कॉलेजात ती इतिहास शिकवायची, तिथं सहकारी मधल्या सुट्टीत तिच्या टेबलाशी डबे घेऊन यायचे. चैत्रात एकदा ती सरावाला म्हणून निघाली आणि मैदानावर पोहोचलीच नाही. फोन बंद करून नदीकाठच्या बांधावर बसून राहिली. बसण्यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं. पण संघातली पोरं तिला शोधत गावभर फिरली आणि सापडल्यावर कप्तान देवव्रत तिच्यासमोर लहान मुलासारखा रडला. तेव्हापासून ती कुठंही निघाली की कोणीतरी बरोबर निघायचं. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसे. त्या आवाजाला ती इतकी विटली होती की कधी कधी दुकानदार वस्सकन अंगावर आला तर बरं वाटायचं.

आणि आज दहिवलीतलं घर रिकामं होतं.

तिचे वडील, नाना, आज सकाळीच खालापूरला गेले होते. तिथं त्यांची बहीण, म्हणजे ऋजुताची जया आत्या, एकटी राहायची. आता ती तिथलं बिऱ्हाड मोडून कायमची यांच्याकडे येणार होती. उद्या सकाळी उन्हाच्या आत तिचं सामान टेंपोत भरून दोघं निघणार, आठपर्यंत घरी. आईची खोली आत्याला द्यायची हे ठरलं होतं. त्याआधी खोलीला रंग द्यायचा म्हणून रंगारीही उद्याच बोलावला होता. यात चुकीचं काही नव्हतं. आत्या प्रेमळ होती, टापटिपीची होती आणि नानांना सोबत हवी होती. पण आईच्या त्या खोलीत, दाराशी कोणी उभं नसताना, ऋजुता अजून एकदाही बसली नव्हती. आजची संध्याकाळ गेली की ते कधीच व्हायचं नव्हतं.

घर रिकामं असल्याचं तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. नाना घरीच आहेत, असा संघात सगळ्यांचा समज होता आणि तो तिनं तसाच राहू दिला. संघ हरला असता तर भाड्याचा टेंपो संध्याकाळी सगळ्यांना घरोघर सोडणार होता. तिला गल्लीच्या तोंडाशी उतरवून, नानांना नमस्कार सांग म्हणून पुढे गेला असता. जिंकला तर अंतिम सामना उद्या सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, आणि मुक्काम इथंच, बारा खाटांच्या हॉलमध्ये. तिनं सकाळी विचारून पाहिलं होतं, जिंकलो तरी मी रात्री घरी जाऊन पहाटे आले तर चालेल का. देवव्रत लगेच म्हणाला की चालेल की, रूपाली येईल तुझ्यासोबत झोपायला. रूपालीनंही मान डोलावली. ऋजुता म्हणाली, राहू दे मग.

न सांगता निघून जाणंही शक्य नव्हतं. या स्पर्धेत सात जणांच्या संघात तीन बायका मैदानात असायलाच हव्या होत्या. 'उल्हास'कडे पाच होत्या. एकीला नोकरीमुळे बंगळूरला जावं लागलं आणि दुसरीचा घोटा पहिल्याच सामन्यात मुरगळला. राहिल्या तीन: ऋजुता, रूपाली आणि कोंडी. त्यामुळे बदली खेळाडू घेऊन बाहेर बसायचीही सोय नव्हती. सकाळपासून तिघी प्रत्येक गुण खेळत होत्या.

साडेचारला उपांत्य सामना सुरू झाला, पुण्याच्या क्लबाशी. दुपारी टँकरनं मैदानावर पाणी मारलं होतं, तरी जमिनीतून वाफ येत होती. ऋजुता नेहमीसारखीच खेळली. सकाळी तिनं मनाशी योजलं होतं की हातातली तबकडी एखाद-दोन वेळा सुटू द्यायची, कोणाला काय कळतंय. पण ते जमेना. तबकडी आली की हात आपोआप जात आणि बोटं मिटत. बारा वर्षांची सवय तिच्या बाजूनं उभी राहायला तयार नव्हती. सामना बरोबरीत आला, वेळ संपली आणि नियमाप्रमाणे एकच गुण उरला. तो घेईल तो जिंकला.

शेवटचा गुण बराच वेळ चालला. दोन्ही बाजूंनी तबकडी दोनदोनदा जमिनीवर पडली. मग रूपालीनं स्वतःला झोकून देऊन एक अडवली, उठून देवव्रतला दिली, आणि देवव्रतनं मान वर केली तेव्हा ऋजुता, जिथं तबकडी झेलली की गुण मिळतो त्या गोलपट्टीच्या उजव्या कोपऱ्याकडे धावत होती. तिच्यामागे अर्ध्या पावलावर पुण्याची तनया. तबकडी उंच गेली, वाऱ्यात जराशी थांबली आणि कोपऱ्यावर उतरू लागली. ऋजुतानं उडी मारली. दोन्ही हातांत ती घट्ट आली. डावा पाय आधी टेकला, मग तोल जाऊन ती रेषेपलीकडे पडली.

डावा पाय आत टेकला होता. तिला तो आत टेकलेला जाणवला, पायाखालची जमीन कळावी इतका स्पष्ट.

या खेळात पंच नसतो. पाय आत की बाहेर, धक्का लागला की नाही, हे खेळणाऱ्यानंच सांगायचं आणि समोरच्यानं त्यावर विश्वास ठेवायचा. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवलं जातं आणि गेली कित्येक वर्षं 'उल्हास'मध्ये ते शिकवण्याचं काम ऋजुताचं होतं.

आपले लोक आरडाओरडा करत धावत येताना तिला दिसले. ती उठून बसली आणि म्हणाली, "बाहेर."

धावणारे थबकले. देवव्रत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रूपाली गुडघ्यांवर वाकली आणि तशीच राहिली. तनया मात्र तिथंच, रेषेपाशी, जमिनीकडे पाहत होती.

"नाही गं," ती म्हणाली. "आत होतीस."

"बाहेर होता. मला कळलं."

"मी मागेच होते तुझ्या. आत होता पाय."

बाजूला बसलेल्या ठाण्याच्या पोरांत हशा पिकला. गुण घेणारी नको म्हणतेय आणि देणारी घे म्हणतेय, असलं भांडण कोणी पाहिलं नव्हतं. पुण्याचा कप्तान ओजस पुढे आला. दोघींचं जमत नसेल तर नियमाप्रमाणे तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाईल, तिथून पुन्हा खेळू, असं त्यानं सुचवलं. देवव्रतनं लगेच होकार दिला. आमची ऋजू म्हणते बाहेर तर बाहेर, यात बोलायचं काही नाही, असं तो म्हणाला.

तनया ऐकेना. ती खाली बसली. तिनं ऋजुताच्या मनगटाला धरून तिलाही खाली बसवलं. ओल्या मातीत बुटाच्या खिळ्यांचा ठसा स्वच्छ उमटला होता, बाहेरच्या कडेचे दोन खिळे झिजलेला, दुसऱ्या कोणाचा असूच शकणार नाही असा. त्याच्या आणि रेषेच्या मध्ये चार बोटं तरी जागा होती. रेषेची फक्की जशी टाकली होती तशी पांढरीशुभ्र, कुठं विस्कटलेली नव्हती.

"हे बघून मी पुढे खेळू कशी?" तनया म्हणाली. "तूच सांग."

ऋजुता त्या ठशाकडे पाहत राहिली. सात-आठ माणसं वाकून तिच्या पायाचा ठसा पाहत होती. तिला वाटलं, आता कोणीतरी ओळखेल. कोणी ओळखलं नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"आत आहे," ती म्हणाली.

मग सगळे तिच्यावर येऊन पडले. कोणीतरी तिला उचललं, कोणीतरी पाठीवर चढलं, कोंडीनं गळ्याला मिठी मारली. घामट बाह्या तिच्या तोंडावर, गालावर घासत होत्या. तिला श्वास घेता येईना. ती म्हणाली सोडा, पण तेवढ्या गोंगाटात ते कोणाला ऐकू गेलं नसावं.

सामना संपला की दोन्ही संघ गोल करून उभे राहतात, एक यांचा एक त्यांचा, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. कोणाचं काय आवडलं, काय खुपलं ते तिथं बोलायचं. ऋजुताच्या एका खांद्यावर तनयाचा हात होता. दुसऱ्या बाजूला पुण्याचा कोणी हवा होता, पण रूपाली तिला सोडून जायला तयार नव्हती, तिनंच खांद्यावर हात टाकला. ओजस बोलायला लागला. शेवटच्या गुणावर, सगळं पणाला लागलेलं असताना, शंका आली म्हणून स्वतःचा गुण नाकारणारा खेळाडू आपण पहिल्यांदा पाहिला, असं तो म्हणाला. उमाकाकू कोण हे आपल्याला ठाऊक नाही, पण त्यांनी मुलीला चांगलं वाढवलंय. मग आपल्या डोक्यावरची क्लबाची टोपी काढून त्यानं ती गोल ओलांडून ऋजुताच्या डोक्यावर ठेवली. टाळ्या वाजल्या. टोपी ओली होती आणि डोळ्यांवर येत होती.

"मला ठाऊक होतं पाय आत आहे," ऋजुता म्हणाली.

टाळ्या विरल्या. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून ती पुन्हा म्हणाली, "पडले तेव्हाच ठाऊक होतं. मी खोटं बोलले. मला हरायचं होतं."

देवव्रत सगळ्यात आधी सावरला. त्याच हळू आवाजात तो म्हणाला की ठीक आहे, होतं असं, आपण नंतर बोलू. तिची अवस्था सगळ्यांनी समजून घेतली पाहिजे.

खांद्यावरचा रूपालीचा हात निघाला.

"कसली अवस्था?" रूपाली म्हणाली. ती भिवपुरीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतली. एका शाळेत खेळ शिकवायची, आणि ऋजुताच्या आईच्या आजारपणात दवाखान्यात सगळ्यांत जास्त वेळा तीच झोपली होती. "ती काय बोलली तिला कळत व्हतं. मी पोटावर पडून ती अडवली, बघ, कातडं गेलंय. आनि ही म्हणं बाहेर."

"मला घरी जायचं होतं," ऋजुता म्हणाली.

"मला नव्हतं जायचं? विकासची हळद हाय आज. माझा सख्खा भाव. आय सकाळधरनं फोन करतेय, मी उचलत नाय. मी टाकला का पाय भायेर?"

पुण्याची पोरं खाली पाहू लागली. तनयानं मात्र आपला हात ठेवला होता तिथंच ठेवला. ऋजुतानं मग सांगितलं, अडखळत, सगळ्यांसमोर. घर आज रिकामं आहे. नाना खालापूरला आहेत. उद्या सकाळी आत्या येते आणि खोलीला रंग लागतो. त्याआधी तिला तिथं एकटीनं बसायचंय, आणि सोबत कोणीही आलं, अगदी मुकाट्यानं दुसऱ्या खोलीत बसलं, तरी ते होणार नाही.

"मंग तोंड नव्हतं तुला?"

"सकाळी म्हटलं होतं."

"म्हटलं नव्हतंस. इचारलं व्हतंस." रूपालीचा आवाज चढला. मैदानाच्या पलीकडची माणसं वळून पाहू लागली. "आमी तुझ्या दारात कुत्र्यावानी बसतो, आनि तुला नको हाय हे सांगाया तुला जमत नाय. आमाला काय सपान पडतं?"

आई गेल्यापासून तिच्याशी कोणी या आवाजात बोललं नव्हतं. ऋजुताला लाज वाटत होती, कान तापले होते, आणि तरी छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटत होतं.

"मी जाते," ती म्हणाली. "एकटी जाते. सकाळी येते."

देवव्रत गाडीची किल्ली चाचपू लागला. तो म्हणाला की निदान दारापर्यंत सोडतो, आत येणार नाही.

"नको," रूपाली म्हणाली. "तिला जाऊ दे." मग ऋजुताकडे न पाहता, "सा वाजता इथं पायजे. नाय आलीस तर आमी सहा जणांत खेळू. पण मग माझ्याशी बोलाया येऊ नको."

ऋजुतानं टोपी काढून ओजसच्या हातात दिली. त्यानं ती घेतली आणि डोक्यावर न घालता हातातच धरली.

नाक्यावरून तिला कर्जतची टमटम मिळाली. दोन बायका कैऱ्यांची पोती घेऊन बसल्या होत्या, त्यांनी तिच्या मळलेल्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं आणि आपसांत पुन्हा भाव बोलू लागल्या. रस्ताभर तिला वाटत राहिलं की मागून कोणाचीतरी गाडी येते आहे. आली नाही.

घर दिवसभर बंद असल्यानं आत कोंदलं होतं. तिनं दिवे लावले नाहीत. बूट काढले आणि सरळ आईच्या खोलीत जाऊन खाटेवर बसली. इतके दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते असं एकदम हाती आल्यावर काय करावं ते तिला कळेना. खोली मावश्यांनी केव्हाच आवरून ठेवली होती. कपाट रिकामं होतं, फिनेलचा वास येत होता. आईचं म्हणावं असं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं नजर सरावली तेव्हा खाटेमागच्या भिंतीवरचा डाग दिसला. दुपारची आई तिथं टेकून वाचत बसायची, त्यामुळे तेलकट डोक्याचा गोल डाग पडला होता. कितीदा पुसला तरी न जाणारा. नाना त्यावरून कुरकुरायचे. उद्या तो पत्र्यानं खरवडून निघणार होता.

ऋजुता भिंतीला टेकली. डाग तिच्या मानेपाशी आला. आई इतकी बुटकी होती हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ती खाली सरकली, अजून थोडी सरकली, आणि डोकं त्या जागी नेऊन ठेवलं. तिथून खिडकीतली फक्त शेवग्याची फांदी आणि जिजाकाकूंच्या गच्चीची कड दिसत होती. आई वर्षानुवर्षं एवढंच पाहत होती.

फाटक वाजलं. जिजाकाकूंच्या सपाता दारापर्यंत आल्या आणि कडी हलली.

"कोण आलंय गं? ऋजू का? खेळायला गेली होतीस ना? आणि नाना तर खालापूरला."

ऋजुता उठून दाराशी गेली. दार उघडलं. काकूंच्या हातात झाकलेलं पातेलं होतं आणि एक पाय उंबऱ्यावर आलेलाही होता.

"मीच आहे, काकू. एकटीच आहे." तिनं दार धरून ठेवलं. "आज मला एकटीलाच राहायचंय. आत या असं म्हणत नाही. रागावू नका."

काकूंनी पाय मागे घेतला. इतक्या वर्षांत या दारात त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"अगं पण आमटी आणलीये. जेवलीस का?"

"नाही. भूक नाही. घेऊन जा."

पातेल्यावरची ताटली काकूंनी उगीच नीट केली.

"मग कडी नीट लावून घे," त्या म्हणाल्या. सुरात राग होता, पण बोलणं नेहमीचं होतं, पूर्वी बोलायच्या तसं. फाटक जोरात लागलं.

ऋजुतानं कडी लावली. पहाटे पाचचा गजर लावून फोन स्वयंपाकघरात ठेवला आणि परत येऊन भिंतीला टेकून खाली सरकली. डोकं जागेवर गेलं. बाहेर शेवग्याची फांदी आता दिसेनाशी होत होती. रडू आलं तेव्हा सवयीनं तिनं तोंडावर हात दाबून धरला. मग तो काढला.